गल्लीचा राखणदार

१ जुलै २०१८. रविवार, म्हणून धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरलेला. पिंपळनेरला पालं टाकून राहिलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागण्यासाठी त्या दिवशी राईनपाड्यात उतरले. ते सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातले. पावसाळ्याच्या तोंडाशी मुलुखभर फिरणं, डवर वाजवून दारोदार जाणं हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम. पण त्या आठवड्यांत खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या, नाशिककडच्या मोबाइलांवर एकच मजकूर फिरत होता: मुलं पळवणारी टोळी आली आहे. बाजारात कुणीतरी संशय घेतला, गर्दी जमली. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आलं. पाचही मेले. मारहाण चालू असताना तिचं चित्रण करणारे हात तिथे होते. मधे पडणारे हात पुरेसे नव्हते.

त्याच रविवारी रात्री, धुळ्यापासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या मालेगावात, आझादनगर या यंत्रमाग कामगारांच्या दाट वस्तीत जवळपास तीच गोष्ट घडायला निघाली होती. परभणीकडून भिक्षा मागत आलेलं एक कुटुंब. दोन पुरुष, दोन बायका, एक तान्हं मूल. तोच संशय, तीच अफवा. जमाव हजाराच्या वर गेला. पण इथे मोहल्ल्यातल्या एका माणसाने त्या पाच जणांना आपल्या घरात घेतलं आणि दार लावून घेतलं. पोलीस आले तेव्हा जमावाने त्यांच्या गाड्यांवरही राग काढला. जादा कुमक आली आणि पाचही जण जिवंत बाहेर पडले.

एक गाव वाईट आणि एक शहर चांगलं, असं म्हणून मोकळं होता येत नाही. मालेगावचा जमाव राईनपाड्याच्या जमावापेक्षा कमी संतापलेला नव्हता. आणि राईनपाड्याची माणसं आपल्या समजुतीने गावाची राखणच करत होती, ही यातली सगळ्यांत अवघड गोष्ट आहे. आपल्या लेकरांवर कुणी हात टाकेल म्हणून गाव जागं राहणं हे चांगल्या गावाचं लक्षण मानलं जातं. तेच जागं राहणं पाच निरपराध माणसांच्या जिवावर उठलं. गरिबांच्या वस्तीत माणसांनीच माणसांची राखण कशी करावी, या प्रश्नाचा खानदेशापुरता शोध घ्यायचा तर या दोन घटना समोर ठेवूनच घ्यावा लागतो.

*

खानदेशाला राखणदार नवा नाही. इथल्या गावगाड्यात जागल्या होता. तो बहुतेक ठिकाणी भिल्ल असायचा. रात्री गाव जागवायचं, पांथस्थाला पुढच्या गावापर्यंत सोबत करायची, चोरी झाली तर चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचं आणि तो माग पुढच्या गावाच्या हवाली करायचा, ही त्याची कामं. सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या वाटांवर, घाटांच्या तोंडाशी भिल्ल नाईकांचे राखणीचे हक्क होते. त्यांना त्याबद्दल धान्य मिळे, रोख मिळे. म्हणजे राखण ही मेहेरबानी नव्हती. ते मोबदल्याचं काम होतं आणि त्यात जबाबदारी होती, कारण मालाचा माग लागला नाही तर जाब राखणदाराला द्यावा लागे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत आणि त्यानंतरही भिल्लांचे हे हक्क तुटत गेले, आणि ज्यांचं काम वाट राखण्याचं त्यांनीच वाटा अडवल्या. कंपनी सरकारने काही वर्षं फौजा पाठवून पाहिल्या. डोंगरातल्या हिवतापाने त्या फौजांनाच निम्मं केलं. शेवटी १८२५ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार, जेम्स आउट्रम या तरुण लष्करी अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. धरणगाव आज जळगाव जिल्ह्यात आहे. ज्यांना सरकार लुटारू म्हणत होतं त्यांनाच पगार देऊन बंदोबस्तावर ठेवण्याचा तो प्रयोग होता. त्यामागे साम्राज्याचा स्वार्थ होता, आणि त्या पलटणीचा वापर पुढे आपल्याच माणसांविरुद्धही झाला, हे विसरता कामा नये. पण मोडलेला राखणदार उपाशी राहिला तर काय होतं आणि त्याला काम दिलं तर काय होतं, हे दोन्ही खानदेशाने दोनशे वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे.

त्याच इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि फिरस्त्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का गावांच्या मनातून गेला नाही. राईनपाड्यात मारल्या गेलेल्यांची जमात त्या कायद्याखाली नव्हती, तरी पालावर राहणारा, अनोळखी बोलीत बोलणारा, गळ्यात झोळी अडकवलेला माणूस बघून जो संशय आधी येतो, तो त्या काळापासून मुरलेला आहे.

अहिराणी मुलुखात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न येतो: कोन्ता गावना शेतस भाऊ? हाच प्रश्न पाणी देताना विचारतात, आणि हाच प्रश्न गर्दी जमवतानाही विचारला जातो. उत्तर ऐकून घेणारं कुणी आहे की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. पूर्वी ते ऐकून घेणं जागल्याचं आणि पाटलाचं काम होतं. आता कायद्याने पोलीस पाटील आहे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने वंशपरंपरेचा पाटील जाऊन नेमलेला पोलीस पाटील आला. गावात कोण नवीन आलं, कुठे तंटा पेटतो आहे, कुणाचा मृत्यू संशयास्पद आहे, हे त्याने ठाण्याला कळवायचं. २०२४ मध्ये त्याचं मानधन दरमहा १५ हजार रुपये करण्याचा निर्णय सरकारने घेतला. रक्कम मोठी नाही, पण गावाची खबर ठेवणं हे कुणाचं तरी काम आहे आणि त्याला मोबदला आहे, एवढं तरी त्यातून मान्य होतं.

शहरात ही जागा रिकामी आहे. धुळे आणि जळगाव या दोन्ही नगरपालिका २००३ मध्ये महापालिका झाल्या. धुळ्याच्या शंभर फुटी रोडच्या पलीकडच्या मागाच्या वस्त्या, मोगलाई, जळगावचं तांबापुरा, मेहरूण, औद्योगिक वसाहतीत चटईच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांच्या खोल्या: इथली लोकसंख्या कित्येक तालुक्यांच्या गावांना मागे टाकेल. इथे पोलीस पाटील नाही, जागल्या नाही. चौकी आहे, आणि चौकीवर बदलून जाणारे हवालदार आहेत.

*

जळगावकरांना आपल्या रथाचा अभिमान आहे, आणि तो असावा असाच आहे. दिवाळी सरली की कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ जुन्या जळगावातून निघतो. संत अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये ही परंपरा सुरू केली. चाकाखाली मोगरी लावत रथाला वळण देणारे, थांबवणारे कसबी लोक, दोर ओढणारी गर्दी, आणि भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबणारा रथ. अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांच्या स्नेहाची ही आठवण. तिथे फुलं वाहिली जातात, मुस्लिम बांधव रथाचं स्वागत करतात. दरवर्षी वर्तमानपत्रांत त्याचा फोटो येतो.

धुळ्यातही असंच एक ठिकाण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात गणपतीच्या मिरवणुकीवरून मशिदीसमोर दंगल झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. त्या गणपतीला लोक खुनी गणपती म्हणू लागले. त्याच गणपतीची पालखी आता मशिदीपाशी येते तेव्हा आरती होते आणि मशिदीकडून तिच्यावर फुलं पडतात. रक्ताचं नाव टिकवून त्याभोवती स्वागताची रीत उभी करणं हे धुळेकरांचं मोठेपण आहे.

पण मला या दोन सुंदर परंपरांशेजारी दोन तारखा ठेवायच्या आहेत. ८ मे १९७०. जळगावच्या रथाला शंभर वर्षं व्हायला दोनच वर्षं बाकी होती. आदल्या दिवशी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल उसळली होती, ती दुसऱ्या दिवशी जळगावात पोहोचली. जळगावात ४३ माणसं मेली, त्यांतली ४२ मुस्लिम. न्यायमूर्ती दि. प्र. मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या दंगलींची चौकशी करून जो प्रचंड अहवाल दिला तो आजही दंगल कशी शिजते याचा देशातला सर्वांत बारकाईने लिहिलेला दस्तऐवज मानला जातो. त्यातून दिसतं की दंगल आकाशातून पडत नाही. महिनोन्‌महिने संघटना, पत्रकं, अफवा, लहान भांडणं आणि त्यांकडे डोळेझाक करणारं प्रशासन, यांतून ती तयार होते.

दुसरी तारीख ६ जानेवारी २०१३. धुळ्याचा मच्छीबाजार. एका खाणावळीत बिलावरून वाद झाला, रक्कम वीस-तीस रुपयांच्या घरातली. नजीकच्या चौकीवर तक्रार घेतली गेली नाही, ठाण्यात जा म्हणून सांगितलं गेलं, असं नंतर तिथे गेलेल्या सत्यशोधन पथकांनी नोंदवलं. तासाभरात दोन जमाव समोरासमोर होते. पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मेले, सहाही मुस्लिम. जखमींमध्ये पोलीसही मोठ्या संख्येने होते. पुढे मोबाइलवर टिपलेली दृश्यं बाहेर आली, त्यांत काही पोलीस स्वतः तोडफोड करताना दिसत होते. काहींवर कारवाई झाली. त्याच्या चार वर्षांपूर्वी, ऑक्टोबर २००८ मध्ये हेच शहर पेटलं होतं.

वर्षातून एकदा पडणारी फुलं या दोन दिवशी उपयोगी आली नाहीत. फुलं खोटी होती म्हणून नव्हे. सणाचा स्नेह आणि रोजची राखण ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम कुणाकडेच सोपवलेलं नव्हतं. वीस रुपयांचं भांडण पहिल्या पाच मिनिटांत जो मिटवू शकतो तो माणूस मच्छीबाजारात त्या दिवशी कोण होता? चौकीतला हवालदार असायला हवा होता. तो नसेल तर शेजारचा पानवाला, रिक्षाथांब्यावरचा जुना चालक, समोरच्या घरातली कुणी मावशी. अशी माणसं प्रत्येक चौकात असतातच. पण भांडण मिटवण्याचा अधिकार त्यांना कुणी दिलेला नसतो, आणि उद्या ठाण्यात साक्षीदार म्हणून आपल्यालाच बसवून ठेवतील ही भीती मात्र पुरेपूर असते.

*

पोलीस आणि कष्टकरी वस्ती यांच्यातलं नातं समजून घ्यायचं तर ठाण्यातले शब्द ऐकावेत. भांडणाची तक्रार घेऊन गेलं की एनसी. म्हणजे अदखलपात्र, कागद मिळतो, तपास होत नाही. सण जवळ आला की चॅप्टर केस. म्हणजे वस्तीतल्या पोरांना बोलावून शांततेचं बंधपत्र लिहून घ्यायचं. आणि त्यापुढे तडीपारी. गणपतीपूर्वी, ईदपूर्वी दोन्ही जिल्ह्यांत तडीपारीच्या याद्या निघतात, वर्तमानपत्रांत आकडे येतात. यादीतली काही पोरं खरोखर उपद्रवी असतात, यात शंका नाही. पण त्यांतल्याच एखाद्याच्या एका शब्दावर गल्लीतली पन्नास पोरं थांबतात किंवा पेटतात, हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत असतं.

याच ठिकाणी अमेरिकेतल्या काळ्या कामगारवस्त्यांची गोष्ट आपल्या कामाची आहे. ओकलंडमध्ये १९६६ च्या ऑक्टोबरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला, तो सुरुवातीला पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी. पोलिसांनी काळ्या तरुणाला रस्त्यात अडवलं की पँथर कायद्याने सांगितलेल्या अंतरावर उभे राहत, कायद्याचं पुस्तक आणि बंदूक दोन्ही घेऊन. दुसऱ्याच वर्षी कॅलिफोर्नियाने सार्वजनिक ठिकाणी भरलेली बंदूक बाळगण्यावर बंदी आणली. तो कायदा कुणाला रोखण्यासाठी होता ते उघड होतं. त्या चळवळीचं नाव मुंबईत पोहोचलं आणि १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही नावं मराठी वाचकाला सांगायला नकोत. गावोगावच्या अत्याचारांवर पोलीस हलत नव्हते म्हणून वस्तीच्या पोरांनी धावून जायचं, हा त्यातला एक धागा होता.

पण मला जास्त शिकवून जातं ते ओकलंडच्याच खाडीच्या काठावरचं रिचमंड. काळ्या आणि लॅटिनो कष्टकऱ्यांचं, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या सावलीतलं शहर. तिथे २००७ मध्ये महापालिकेने वस्ती सुरक्षा कार्यालय काढलं. ते पोलीस खात्यात ठेवलं नाही. डेव्होन बोगन हे त्याचे पहिले प्रमुख. त्यांनी माणसं नेमली ती त्याच रस्त्यांवर वाढलेली, काही तुरुंगात राहून आलेली. कुठल्या पोराच्या हातून पुढची गोळी सुटण्याचा संभव आहे हे या माणसांना ठाण्यापेक्षा आधी कळतं. २०१० पासून अशा पोरांना गाठून दीड वर्षाचा सहवास, समुपदेशन, शिक्षणाची आणि कामाची व्यवस्था, आणि ठरवलेली पावलं पुरी केली तर काही महिने हजार डॉलरपर्यंत मासिक भत्ता, अशी योजना चालली. गुंडांना पैसे वाटता का, अशी ओरड झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या योजनेनंतर बंदुकीच्या हिंसेत मोठी घट दिसली, आणि बिनबंदुकीच्या हिंसेत काहीशी वाढही दिसली. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पण आपण ज्यांची तडीपारीची यादी करतो, त्यांचीच यादी करून एका महापालिकेने त्यांच्यापाठी आपली माणसं लावली, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

आपल्या इथे बंदूक नाही, दगड आहे आणि मोबाइल आहे. त्यामुळे रिचमंड जसंच्या तसं उचलून धुळ्यात आणता येणार नाही. आणायची गरजही नाही. आपल्याकडे त्याआधी एकोणीस वर्षं भिवंडी झालेली आहे.

*

सुरेश खोपडे १९८८ मध्ये भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून गेले. १९७० आणि १९८४ अशा दोन मोठ्या दंगली त्या यंत्रमागाच्या गावाच्या अंगावर होत्या. खोपड्यांनी आधी पाहिलं ते शांतता समितीकडे. प्रत्येक ठाण्याच्या शांतता समितीत कोण असतं हे मराठी वाचकाने पाहिलेलं आहे: पक्षांचे पदाधिकारी, मंडळांचे अध्यक्ष, दोन्ही धर्मांतले प्रतिष्ठित, एखादे निवृत्त मुख्याध्यापक. सणाच्या आधी बैठक, चहा, भाषणं, वर्तमानपत्रात बातमी. दंगल होते तेव्हा यांतले बरेच जण घरात असतात, आणि काही जण दंगलीच्या मागेच असतात.

खोपड्यांनी मोहल्ला समित्या केल्या त्या वेगळ्या मातीच्या. सुमारे सत्तर समित्या, प्रत्येकीत पन्नासच्या आसपास माणसं, हिंदू आणि मुस्लिम जवळजवळ सारखे. पुढाऱ्यांना शक्यतो बाहेर ठेवून मागवाले, रिक्षावाले, दुकानदार, शिक्षक, गृहिणी घेतल्या. प्रत्येक समितीला एक ठरलेला पोलीस. समिती सणाची वाट न पाहता नियमित बसायची, आणि बसून दंगलीवर क्वचित बोलायची. बोलणं असायचं नळाचं, गटाराचं, पोरांच्या भांडणाचं, नवऱ्याच्या दारूचं, भाड्याचं. ठाण्यात ज्याचा एनसीचा कागद होऊन विषय संपतो, तोच विषय इथे चार वेळा बोलून मिटवायचा. या नीरस कामातून काय झालं ते डिसेंबर १९९२ मध्ये दिसलं. बाबरी मशीद पडली, मुंबई दोन टप्प्यांत पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली. शेजारची भिवंडी, जिच्या नावानेच दंगल ओळखली जायची, ती शांत राहिली. खोपडे तेव्हा तिथून बदलून गेलेले होते, गुलाबराव पोळ उपायुक्त होते. साहेब गेल्यावरही समित्या टिकल्या, ही मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. मुंबई का जळाली आणि भिवंडी का नाही, यावर खोपड्यांनी पुढे पुस्तकच लिहिलं.

मुंबईने तो धडा उशिरा घेतला. १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी वर्षानुवर्षं त्याच पद्धतीचं काम केलं.

खानदेशात हे का रुजलं नाही? प्रयत्न झाले. दंगल झाली की समित्या नेमल्या जातात, एकोपा फेऱ्या निघतात, क्रिकेटचे सामने होतात. पण अधिकारी दोन वर्षांत बदलतो आणि त्याच्याबरोबर त्याची समितीही जाते. भिवंडीत समिती टिकली कारण तिच्याकडे रोजचं काम होतं. आपल्याकडे तिला फक्त सणाचं काम असतं.

*

गावांसाठी सरकारने मोठी मोहीम काढली ती १५ ऑगस्ट २००७ ला. गृहमंत्री आर. आर. पाटलांची महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातले तंटे गावातच मिटवायचे, तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांत पुरस्कार. धुळे, जळगावच्या असंख्य गावांच्या वेशीवर तंटामुक्त गावाच्या पाट्या लागल्या. बांधाची, वाटणीची, वाटेची वर्षानुवर्षं कोर्टात कुजणारी भांडणं यातून मिटली. ते श्रेय या मोहिमेचं आहे आणि ते द्यायलाच हवं.

तिची कमजोरीही तिथेच होती. पुरस्कारासाठी तंट्यांचा आकडा खाली यायला हवा, म्हणून ज्याचा आवाज लहान त्यालाच समजूत घालणं सोपं. मार खाल्लेली सून, मजुरी बुडालेला सालदार, रस्त्यावरून वरात नेऊ न दिलेली वस्ती यांना गावाच्या नावासाठी मिटवून घ्या असं सांगणारी समिती ही राखणदार नाही. समिती कुणाची आहे हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. गावातल्या चार प्रबळ घरांची असेल तर ती त्या घरांचीच राखण करणार.

म्हणून मला दारूबंदीच्या मतदानाचा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. प्रभागातल्या किंवा गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सही केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं. उभी बाटली की आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींची मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक ही अट इतकी कठीण आहे की रोजंदारी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला तिची किंमत माहीत असते. राखण म्हणजे काय, हे कष्टकरी वस्तीतल्या बाईला विचारलं तर ती दंगलीआधी संध्याकाळी आठ वाजताचा रस्ता सांगेल: दुकानासमोरची गर्दी, बंद पडलेला खांबावरचा दिवा, कामावरून परतणारी मुलगी. मोहल्ला समितीत ती नसेल तर समितीला वस्ती माहीतच नाही.

*

आणि तरीही अशा समित्या राईनपाड्यासारख्या प्रसंगी काय करतील? समितीत सगळी गावचीच माणसं. पालावरचा माणूस कुणाच्याच समितीत नसतो. तो आज इथे, परवा पुढे.

सर्वोच्च न्यायालयाने राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ ला, तहसीन पूनावाला प्रकरणात जमावबळींबद्दल निकाल दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाला समन्वय अधिकारी नेमा, अशा घटनांची शक्यता असलेल्या जागा हेरा, अफवांवर कारवाई करा, खटले वेगाने चालवा. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. राईनपाड्याच्या खटल्याचा निकाल लागायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. शिक्षा व्हायलाच हवी होती. पण शिक्षेच्या भीतीने बाजारातली गर्दी थांबत नाही. गर्दीतल्या प्रत्येकाला आपण इतरांबरोबर आहोत म्हणून सुरक्षित वाटत असतं.

गर्दी थांबते ती तिच्या ओळखीचं कुणी आडवं उभं राहिलं तर. आझादनगरात दार लावून घेणारा माणूस परका असता तर जमावाने दारही फोडलं असतं आणि त्यालाही सोडलं नसतं. तो त्या मोहल्ल्याचा होता. आणि पोलीस पोहोचेपर्यंतची मिनिटं त्याने तोलून धरली. ती मिनिटं हीच वस्तीच्या सुरक्षेची खरी जागा आहे. ठाण्याची गाडी ती भरून काढू शकत नाही, कितीही वेगाने आली तरी. साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागात तर ती मिनिटं तासांत मोजावी लागतात.

अशी माणसं एकटी पडू नयेत, एवढी व्यवस्था करणं शक्य आहे. पिंपळनेरसारख्या ठिकाणी पालं पडली की ठाण्यात आणि आसपासच्या पोलीस पाटलांकडे त्यांची नोंद, आणि ती नोंद आठवडे बाजाराच्या प्रत्येक गावापर्यंत. पूर्वीच्या गुन्हेगार जमातीच्या हजेरीसारखी नव्हे. उलट दिशेची: ही माणसं आपल्या भागात पाहुणी आहेत, यांना काही झालं तर जबाब तुम्हाला द्यावा लागेल. राखणदाराच्या जुन्या जबाबदारीत पांथस्थाला सुखरूप शिवेपार करणं होतंच.

आणखी एक गोष्ट अलीकडची आणि धीर देणारी. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. विसर्जनाची मिरवणूक आणि जुलूस एकाच रस्त्यावर, एकाच संध्याकाळी. अनेक शहरांतल्या मुस्लिम समाजाने स्वतःहून जुलूस दुसऱ्या दिवशी घेण्याचा निर्णय केला आणि राज्य सरकारने २९ सप्टेंबरला सुट्टी जाहीर केली. पैगंबरांच्या जन्मदिनाचा जुलूस एक दिवस पुढे नेणं हे श्रद्धेच्या माणसाला सोपं नसतं. ते पटवून देणारी माणसं मोहल्ल्यातलीच होती. रात्री उशिरापर्यंत बसून, तरुण पोरांचा राग ऐकून घेऊन, पुन्हा पुन्हा तेच सांगणारी. त्यांची नावं कुठल्या यादीत नाहीत, आणि त्या रात्रींचा त्यांना एक रुपया मिळाला नाही.

मिळायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. समाजसेवा म्हणून हे काम जोवर चालेल तोवर ते फक्त त्यांनाच परवडेल ज्यांचं घर दुसऱ्या उत्पन्नावर चालतं, म्हणजे पुन्हा पुढारी आणि दुकानमालकांनाच. बारा तास माग चालवणारा, पापड लाटून घर चालवणारी, रात्रपाळीतून येणारा मजूर यांना आठवड्याची बैठक म्हणजे एका दिवसाची मजुरी. गावातल्या पोलीस पाटलाला मानधन देणारं सरकार धुळ्याच्या आणि जळगावच्या प्रत्येक कष्टकरी प्रभागात वस्तीनेच निवडलेल्या दोन-चार माणसांना, त्यांत निम्म्या बायका, तेवढंच मानधन देऊ शकतं. खर्च महापालिकेने उचलावा, नेमणूक ठाण्याने करू नये, आणि अधिकारी बदलला म्हणून ती मोडू नये. दंगलीनंतर पंचनामा, नुकसानभरपाई, राज्य राखीव दलाच्या तुकड्यांचा मुक्काम, बंद राहिलेले बाजार आणि थांबलेले माग यांवर जो पैसा जातो त्याच्या पुढे ही रक्कम फार लहान आहे. पहिली बैठक नळाच्या वेळेवर घ्यावी. माणसं येतील.